१.१५९ चा गुणक: नोंदीतला एक रकाना आणि किडनीची प्रतीक्षायादी

वय ५०, पुरुष, रक्तातले क्रिएटिनिन ३.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एवढ्या माहितीवर अमेरिकेतली प्रयोगशाळा २००९ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढायची, तेव्हा रिपोर्टवर बऱ्याचदा दोन ओळी छापून यायच्या. एकीत १९, दुसरीत २२; आकडा जितका कमी, तितकी किडनी कमजोर. पहिली कृष्णवर्णीय नसलेल्यांसाठी, दुसरी आफ्रिकन अमेरिकनांसाठी. नमुना एकच, मशीन एकच, क्रिएटिनिनही तेच. अमेरिकेत डायलिसिस सुरू झालेले नसेल, तर मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत प्रतीक्षेचे दिवस मोजायला सुरुवात होते ती ईजीएफआर २० किंवा त्याखाली गेल्यावर. म्हणजे १९ वाल्याचा क्रमांक लागला आणि २२ वाल्याला पुढच्या तपासणीची तारीख मिळाली.

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के आहेत, पण किडनी निकामी झालेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. ज्यांना हा आजार सर्वाधिक गाठतो, त्यांचीच किडनी कागदावर १६ टक्क्यांनी बरी दिसत होती. हे कसे झाले, कसे काढले गेले आणि काढताना नोंदप्रणालीत काय काय अडकले, त्याचे हे प्रकरण.

गुणक आला कुठून

किडनी मिनिटाला किती रक्तद्रव गाळते, म्हणजे जीएफआर, हे थेट मोजायचे तर इन्युलिन, आयोथॅलामेट किंवा आयोहेक्सॉल शरीरात सोडून कित्येक तास नमुने घ्यावे लागतात. रोजच्या ओपीडीत ते जमत नाही. म्हणून क्रिएटिनिनवरून अंदाज बांधतात. ईजीएफआरमधला ‘ई’ हा अंदाजाचाच आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ; किडनी तो बाहेर टाकते, ती मंदावली की तो रक्तात साचतो. ज्याचे स्नायू जास्त किंवा ज्याच्या ताटात मांस जास्त, त्याच्या रक्तात ते थोडे जास्तच सापडणार, किडनी उत्तम असली तरी. हा फरक भरून काढायला सूत्रात वय आणि लिंग घातले गेले.

१९९९ मध्ये एमडीआरडी सूत्र प्रसिद्ध झाले, त्यात तिसरी गोष्ट आली: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१८० ने गुणा. कारण असे की अभ्यासातल्या कृष्णवर्णीय सहभागींमध्ये त्याच क्रिएटिनिनला मोजलेला जीएफआर सरासरीने जास्त निघाला होता. त्यांचे स्नायू सरासरीने जास्त असतात, असे स्पष्टीकरण दिले गेले. पुढे क्रिएटिनिनच्या चाचणीचे प्रमाणीकरण झाले, सूत्र नव्याने मांडले गेले आणि गुणक १.२१२ झाला. २००९ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तो १.१५९ वर आला.

गणित म्हणून हे खोटे नव्हते; त्या नमुन्यात फरक खरेच होता. चूक पुढच्या पायरीत होती. स्नायू कोणी मोजलेच नव्हते. त्यांच्या जागी एक सामाजिक ओळख बसवली गेली आणि तिला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरे ठेवली. आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असलेल्या रुग्णाला १.०८ चा अर्धा गुणक लागत नाही, एक तर पूर्ण लागतो किंवा अजिबात लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये २००८ साली सूत्र पडताळून पाहिले, तेव्हा १.२१२ चा गुणक लावल्याने अंदाज जास्तच फुगतो असे दिसले. जैविक फरकाला खंड ओलांडला की विरून जाण्याची सवय नसते. अमेरिकेतल्या काही अभ्यासांतल्या माणसांचा गुणधर्म आपण ‘वंशा’च्या नावाने लिहिला होता.

रकान्याचा प्रवास

आता हा ‘वंश’ सूत्रापर्यंत पोहोचायचा कसा, ते पाहू. वैद्यकीय चर्चेत हा भाग नेहमी सुटतो.

नोंदणीच्या खिडकीवर कारकून नाव, जन्मतारीख, विमा आणि वंश विचारतो, किंवा न विचारताच चेहरा बघून ड्रॉप-डाउनमधून निवडतो. हे पर्याय सरकारी जनगणनेच्या वर्गवारीतून आलेले असतात. ती वर्गवारी समान संधीच्या कायद्यांच्या आकडेवारीसाठी आणि जनगणनेसाठी केलेली, १९९७ ची. तिची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली. औषधाचा डोस ठरवायला ती कुणी बनवली नव्हती. पण तोच रकाना इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदीत, म्हणजे ईएचआरमध्ये, जाऊन बसला. एका रुग्णालयात ‘कृष्णवर्णीय’, दुसऱ्यात ‘इतर’, तिसऱ्यात ‘सांगितले नाही’, असा एकाच माणसाचा वंश तीन ठिकाणी तीन प्रकारे सापडू शकतो. रकाना रिकामा असेल तर गुणक लागत नाही.

बाहेरच्या प्रयोगशाळेला तर हा रकाना मिळतच नसे. नमुन्याच्या ऑर्डरबरोबर वय आणि लिंग जाते, वंश बहुधा जात नाही. म्हणून दोन ओळी छापण्याची पद्धत पडली आणि कोणती ओळ लागू ते डॉक्टरने समोरच्या माणसाकडे पाहून ठरवायचे. प्रयोगशाळा-निकालांसाठी लॉइंक या सांकेतिक क्रमांकांची जी प्रणाली जगभर वापरतात, तिच्यातही एमडीआरडीच्या या दोन ओळींना दोन स्वतंत्र क्रमांक आहेत: ४८६४२-३ आणि ४८६४३-१. भेद थेट मानकात शिरला होता. पुढे सगळी गुंतागुंत याच क्रमांकांवरून झाली.

किती उशीर

गुणक लावून २० दिसायला मूळ अंदाज २० ÷ १.१५९, म्हणजे १७.३ पर्यंत उतरावा लागतो. मधल्या २.७ चा अर्थ रुग्णागणिक वेगळा. किडनी वर्षाला ३ ने घसरत असेल तर सुमारे अकरा महिने, १.५ ने घसरत असेल तर पावणेदोन वर्षांहून जास्त. म्हणजे ज्याचा आजार संथ, ज्याने पथ्य पाळले, रक्तदाब आवरला, त्याचे नुकसान जास्त. वरच्या पन्नाशीच्या पुरुषाला २००९ चे सूत्र गुणकाविना लावले तर क्रिएटिनिन ३.४ ला यादीचे दार उघडते, गुणकासह ३.८ लागते.

प्रतीक्षेच्या प्रत्येक वर्षाला वाटपाच्या गणितात एक गुण मिळतो. शिवाय डायलिसिसच्या आधीच किडनी मिळणे हा सर्वांत चांगला मार्ग मानतात, आणि त्यासाठी हेच सुरुवातीचे महिने लागतात. उशीर फक्त यादीत होत नव्हता. किडनीतज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) कधी करायचा, रुग्णाला ‘तुमचा आजार चौथ्या टप्प्यात आहे’ असे सांगायचे की तिसऱ्या, हे सगळे त्याच आकड्यावर चालते.

काढायचा, पण कसा

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने २०१७ मध्ये गुणक काढला. २०२० च्या उन्हाळ्यात, देशभर वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर लोक उतरलेले असताना, वॉशिंग्टन विद्यापीठासह आणखी काही मोठ्या रुग्णालयांनी तेच केले. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यासाठी बरीच खटपट केली होती, हे नोंदवायला हवे. प्राध्यापकांच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले.

पण यातल्या बहुतेकांनी केलेली गोष्ट ‘दुसरी ओळ पुसणे’ एवढीच होती: २००९ चेच सूत्र, गुणकाविना, सगळ्यांना. यात एक खोट आहे. ते सूत्र बसवताना गुणक आत होता. नंतर तो नुसता काढला तर कृष्णवर्णीयांचा अंदाज मोजलेल्या जीएफआरपेक्षा सरासरी ७.१ ने कमी येतो. गुणकासह तो ३.७ ने जास्त येत होता. म्हणजे झोका दुसऱ्या टोकाला गेला. कमी आकड्याचेही तोटे असतात: मधुमेहाचे औषध मेटफॉर्मिन ३० खाली बंद करतात आणि ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत, काही कर्करोगाच्या औषधांचे डोस घटतात, जिवंत दाता म्हणून माणूस नाकारला जातो. गुणक काढायला विरोध करणाऱ्या किडनीतज्ज्ञांचा हा मुद्दा होता आणि तो रास्त होता. त्यांना सरसकट वंशवादी ठरवणाऱ्यांनी चर्चेचे नुकसानच केले.

नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांनी २०२० मध्ये संयुक्त कृतिगट नेमला. सिंथिया डेलगाडो आणि नील पो हे त्याचे सहअध्यक्ष. २६ पर्याय तपासून सप्टेंबर २०२१ मध्ये अंतिम शिफारस आली: जुन्याच माहितीवर, पण वंशाचा रकाना न वापरता, सूत्र नव्याने बसवा. हेच सीकेडी-ईपीआय २०२१. पुरुषाचे क्रिएटिनिन ०.९ च्या वर असेल तर ते असे: क्रिएटिनिनला ०.९ ने भागा, त्याचा उणे १.२०० वा घात काढा, १४२ ने गुणा, मग ०.९९३८ च्या वयाइतक्या घाताने गुणा. स्त्रीसाठी ०.९ च्या जागी ०.७ आणि शेवटी १.०१२ ने गुणाकार. वरच्या उदाहरणात उत्तर येते १९.७, छापायचे २०. यादीत बसते.

नव्या सूत्राने चूक संपली नाही, वाटली गेली. कृष्णवर्णीयांचा अंदाज आता सरासरी ३.६ ने कमी येतो, इतरांचा ३.९ ने जास्त. क्रिएटिनिनबरोबर सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले रक्तातले एक प्रथिन, मोजले तर दोन्ही बाजूंचा फरक बराच आक्रसतो. म्हणून कृतिगटाची दुसरी शिफारस सिस्टॅटिन सी नेहमीच्या वापरात आणण्याची होती. प्रत्यक्षात पहिली शिफारस झपाट्याने अमलात आली आणि दुसरी रेंगाळली. कारण साधे आहे: सूत्र बदलायला पैसे लागत नाहीत, सिस्टॅटिन सीला अभिकर्मक लागतात, बऱ्याच ठिकाणी नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि निकाल काही दिवसांनी येतो. स्टेरॉइड, थायरॉइडचा आजार, धूम्रपान, लठ्ठपणा आणि शरीरातली सूज यांनी तेही हलते, हेही ऑर्डर देणाऱ्याने लक्षात ठेवावे.

नोंदप्रणालीत बदल करताना

‘सूत्र बदला’ हा निर्णय बैठकीत एका मिनिटात होतो. मग पहिला प्रश्न येतो: आपल्याकडे ईजीएफआर नेमका किती ठिकाणी काढला जातो? एक जागा म्हणजे प्रयोगशाळेची संगणकप्रणाली. पण बारकाईने शोधले की विश्लेषक यंत्राला जोडलेले मधले सॉफ्टवेअर, सीटी स्कॅनच्या दारात बोटातून थेंब घेऊन क्रिएटिनिन देणारे छोटे यंत्र, ईएचआरमधला स्वतःच गणित करणारा रकाना, औषधालयाची डोस-तक्त्याची फाइल, प्रत्यारोपण विभागाने वर्षांपूर्वी बनवलेली एक्सेल शीट आणि निवासी डॉक्टरांच्या फोनमधली कॅल्क्युलेटर अॅप्स सापडतात. एक जरी जुने राहिले तर एकाच सकाळी एकाच रुग्णाचे दोन आकडे दिसतात.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. नव्या सूत्राचा लॉइंक क्रमांक वेगळा आहे, ९८९७९-८. सिस्टॅटिन सीसह असेल तर ९८९८०-६. हा वेगळा असणेच योग्य. पण मग जुन्या क्रमांकावर बेतलेले सगळे नियम अनाथ होतात. मेटफॉर्मिन लिहिताना ‘ईजीएफआर ३० खाली आहे’ अशी सूचना देणारा नियम ४८६४२-३ कडे बघत बसला असेल, तर नवे निकाल त्याला दिसतच नाहीत. तो त्रुटी दाखवत नाही, तो फक्त गप्प होतो, किंवा आठ महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या जुन्या आकड्यावर बोलत राहतो. या कामातला हा सर्वांत धोकादायक दोष, कारण कुणाची तक्रार येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: जुन्या क्रमांकांचा उल्लेख असलेल्या प्रत्येक नियमाची, अहवालाची, रुग्णयादीची आणि डॅशबोर्डची यादी काढणे, प्रत्येकासमोर जबाबदार माणसाचे नाव लिहिणे, आणि चाचणी-रुग्ण तयार करून प्रत्येक सीमारेषेच्या अलीकडचा-पलीकडचा आकडा टाकून बघणे: ५९ आणि ६१, ४४ आणि ४६, २९ आणि ३१, २० आणि २१.

क्रमांक बदलायचा नाही, जुन्याच क्रमांकावर नवा आकडा पाठवायचा, अशी पळवाट काही जण सुचवतात. नियम चालू राहतात खरे, पण पुढे कधीच कळत नाही की अमुक आकडा कोणत्या सूत्राचा. या प्रकरणाच्या पुढच्या भागात त्याच माहितीची गरज पडणार होती.

तिसरी गोष्ट आलेखाची. साठ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री, क्रिएटिनिन १.१. काल तिचा आकडा ६३ होता, आज क्रिएटिनिन तेच असून ५८ झाला. ६० ची रेष, जिच्याखाली किडनीचा आजार असल्याची शंका घेतात, ओलांडली. निकाल रुग्णाच्या पोर्टलवर डॉक्टरच्या आधी पोहोचतो आणि तिथे लाल खूण दिसते. किडनी बिघडली म्हणून ती घाबरणार. बदलाच्या तारखेला आलेखावर उभी रेष आणि खाली दोन वाक्ये: ‘या तारखेपासून गणनेचे सूत्र बदलले आहे. आकड्यातला फरक त्यामुळे असू शकतो. क्रिएटिनिन तेच असेल तर किडनीत बदल झालेला नाही.’ एवढे पुरते. जुने निकाल मागे जाऊन पुसून नव्याने लिहू नयेत. त्या आकड्यावर तेव्हा निर्णय झालेले असतात आणि ते कशावर झाले हे नोंदीत दिसायला हवे. पुनर्गणना हवी असेल तर ती वेगळ्या ओळीत, गणनेच्या तारखेसह.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब. काही प्रणाली क्रिएटिनिन एका दशांशाला आणून मग सूत्रात घालतात. ०.९५ चे १.० झाले की उत्तर तीन-चार आकड्यांनी घसरू शकते. गणनेसाठी दोन दशांश स्थळे ठेवा, पूर्णांकात आणायचे ते फक्त अंतिम उत्तर. आणि १८ वर्षांखालच्यांना हे सूत्र लागू नाही. त्यांच्यासाठी उंचीवर चालणारे श्वार्ट्झ सूत्र आहे. प्रणालीने तिथे आकडा छापूच नये.

झालेला उशीर परत देणे

पुढे बदल करणे एक, मागचे भरून देणे वेगळे. अमेरिकेतल्या अवयव वाटपाचे जाळे, ओपीटीएन, याच्या संचालक मंडळाने जून २०२२ मध्ये वंशाधारित ईजीएफआरवर बंदी घातली. ती २७ जुलै २०२२ पासून लागू झाली. पण तोवर यादीत असलेल्यांचे काय? गेलेली वर्षे गेलीच होती. डिसेंबर २०२२ मध्ये मंडळाने ठरवले की गुणकामुळे उशिरा पात्र ठरलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांची प्रतीक्षेची तारीख मागे न्यायची. ५ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक किडनी प्रत्यारोपण केंद्राला एक वर्ष मिळाले. यादीतल्या सगळ्या रुग्णांना, वंश कोणताही असो, आधी या धोरणाची सूचना द्यायची. पात्र कोण ते शोधायचे. पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज पाठवायचा. काम झाल्यावर पुन्हा कळवायचे. एका वर्षात १४,००० हून अधिक जणांची तारीख मागे गेली. वैद्यकशास्त्राने चुकीचे सूत्र सोडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत; चुकीने गमावलेला वेळ रुग्णाच्या खात्यात परत जमा केल्याची फार थोडी.

आता पुराव्याकडे बघा. तारीख मागे न्यायची तर त्या तारखेचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हवा, आणि वंशविरहित गणनेने त्या दिवशी आकडा २० किंवा कमी होता हे दाखवायला हवे. ज्या प्रयोगशाळांनी दोन्ही ओळी छापल्या होत्या, त्यांच्या रुग्णांचे काम सोपे झाले: वरची ओळ १९ दाखवतच होती, कुणी ती वाचली नव्हती एवढेच. ज्यांच्याकडे ईएचआरने रकाना बघून एकच गुणाकार केलेला आकडा साठवला होता, तिथे क्रिएटिनिन शोधून पुन्हा गणित करावे लागले. आणि जो रुग्ण त्या काळात दुसऱ्या राज्यात होता, विमा बदलला होता, फुकट दवाखान्यात तपासत होता जिथले कागद उरले नाहीत, त्याच्यासाठी केंद्रातल्या समन्वयकाला फोन आणि फॅक्स करत बसावे लागले. ज्याची त्या वर्षांत तपासणीच झाली नाही आणि जो थेट आपत्कालीन विभागात येऊन डायलिसिसवर गेला, त्याला परत देण्यासारखे कागदावर काही नव्हते. त्याची प्रतीक्षा डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे भरपाईही मिळाली ती ज्याची नोंद नीट राहिली त्याला, आणि नोंद नीट राहते ती बहुधा ज्याला आधीपासून डॉक्टर परवडतो त्याची.

इथे आणखी एक पेच आहे. गुणक नको म्हणून नोंदीतून वंशाचा रकानाच काढून टाका, असे बरेच जण उत्साहाने म्हणतात. तो काढला असता तर हे १४,००० जण सापडले नसते. आमचे मत स्पष्ट आहे: रकाना ठेवा, पण तो माणसाने स्वतः सांगितलेला असावा, एकाहून जास्त पर्याय निवडता यावेत, आणि त्याचा उपयोग अन्याय मोजण्यासाठी व्हावा. औषधाच्या किंवा अवयवाच्या गणितात त्याची वायर जोडलेली नसावी. कृष्णवर्णीयांमध्ये किडनीविकार जास्त का, यातल्या एका भागाचे उत्तर २०१० पासून ठाऊक असलेल्या एपीओएल१ या जनुकात आहे. त्याची चाचणी करता येते. चाचणी उपलब्ध असताना चेहऱ्यावरून अंदाज करण्यात अर्थ नाही.

उरलेला रकाना: लिंग

वंश निघाला, लिंग राहिले. चाळीस वर्षे, क्रिएटिनिन १.२. नोंदीत पुरुष असेल तर २०२१ चे सूत्र ७८ देते. स्त्री असेल तर ५९. ट्रान्सजेंडर व्यक्तीने नोंदीतले लिंग बदलून घेतले की एका क्लिकने किडनीचा आजार उगवतो किंवा नाहीसा होतो. संप्रेरक उपचार चालू असतील तर स्नायूंचे प्रमाण हळूहळू बदलत असते आणि दोन्हींपैकी एकही आकडा नेमका बसत नाही. व्यवहारात करायचे ते असे: ओळख म्हणून असलेले लिंग आणि गणनेसाठी वापरलेले लिंग हे दोन वेगळे रकाने ठेवणे, दोन्ही आकडे काढून डोळ्यांसमोर ठेवणे, दोघांच्या मध्ये एखादी उपचाराची सीमारेषा येत असेल तर सिस्टॅटिन सी मागवणे. प्रयोगशाळेने लिंगाचा रकाना रिकामा दिसल्यावर मनानेच ‘पुरुष’ धरू नये. हे होत असते.

आपल्या रिपोर्टांपुरते

महाराष्ट्रात १.१५९ चा प्रश्न नाही. पण सूत्राचा आहे. न्यू जर्सीत मुलाकडे राहून आलेल्या, लंडनला मुलीकडे जाणाऱ्या आणि पुण्यात रक्त तपासणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींचे क्रिएटिनिन तिन्हीकडे ०.९ आले असे समजू. अमेरिकेत २०२१ चे सूत्र ६९ सांगेल. ब्रिटनने ऑगस्ट २०२१ मध्ये वंशाचा गुणक सोडला, पण सूत्र २००९ चेच ठेवले. तिथे ६५ येईल. पुण्यात प्रयोगशाळा कोणते वापरते त्यावर. नव्या सूत्राने कृष्णवर्णीय नसलेल्यांचा आकडा वर जातो, आणि आपले बरेच वयस्क लोक किरकोळ अंगाचे, कमी स्नायूंचे, शाकाहारी. त्यांच्यात क्रिएटिनिन मुळातच कमी बनते, म्हणून अंदाज आधीच फुगलेला असतो. पाकिस्तानात कराचीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सीकेडी-ईपीआयच्या उत्तरावर ०.६८६ गुणक आणि १.०५९ चा घात, अशी दुरुस्ती सुचवली होती. अमेरिकेतल्या अनुभवानंतर आणखी एक वांशिक गुणक आणावा असे आम्ही म्हणणार नाही. पण फरकाची दिशा ध्यानात ठेवावी.

त्याच आजी ४२ किलो आणि १४८ सेंटिमीटर असतील, तर त्यांच्या शरीराचे पृष्ठफळ १.३१ चौरस मीटर भरते. रिपोर्टवरचा ६९ हा १.७३ चौरस मीटरच्या शरीरासाठी आहे. औषधाच्या डोससाठी तो आजींच्या मापाला आणला तर ५२ उरतो. वजनावर चालणाऱ्या जुन्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने तर ३९ येतो. हृदयाचे डिगॉक्सिन, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या किंवा अमिनोग्लायकोसाइड गटातली प्रतिजैविके लिहिताना ६९ बघून पूर्ण डोस देणे महागात पडते.

भारताच्या २०१६ च्या ईएचआर मानकांत प्रयोगशाळा-निकालांसाठी लॉइंकच सांगितले आहे. आभा या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाखाली वेगवेगळ्या लॅबचे निकाल एका जागी येतात, तेव्हा ईजीएफआरच्या आकड्याबरोबर तो क्रमांक आला नाही, तर ६५ नंतर ६९ दिसल्यावर किडनी सुधारली असे वाटेल. लॅबचालकांनी रिपोर्टवर आकड्याखाली सूत्राचे नाव आणि साल छापावे. आणि रुग्णाने फाइल ठेवताना ईजीएफआरपेक्षा क्रिएटिनिनचा मूळ आकडा, तारीख आणि लॅबचे नाव असलेला कागद जपून ठेवावा. सूत्र उद्या पुन्हा बदलले तरी त्यावरून नवा हिशेब करता येतो.